नस मोकळी झाली, पण केव्हा?

राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी सुरू झाली, तेव्हा पहिल्या टप्प्यातल्या आठ जिल्ह्यांत अमरावती होता. अकोल्याची पाळी नोव्हेंबर २०१३ मध्ये, योजना राज्यभर लागू झाली तेव्हा आली. २०१७ मध्ये योजनेला महात्मा जोतिबा फुले यांचं नाव मिळालं आणि कुटुंबामागे वर्षाला दीड लाखाची मर्यादा पुढे पाच लाखांवर गेली. त्याच २०१७ च्या फेब्रुवारीत केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने औषधाचा लेप असलेल्या स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपयांवर आणून ठेवली. तोवर अशा स्टेंटची छापील किंमत सरासरी १ लाख २१ हजारांच्या घरात होती. ज्या उपचारासाठी एके काळी वावर गहाण टाकून नागपूर गाठावं लागे, तो आता अमरावतीत होतो, अकोल्यात होतो आणि कार्डावर होतो. हे मोठंच काम झालं, यात वाद नाही. पण उपचार आवाक्यात आला की पैशांच्या विवंचनेत मागे पडलेला दुसरा प्रश्न पुढे येतो: या उपचाराने रुग्णाच्या हाती नेमकं काय लागतं?

याचं एका वाक्यात उत्तर देता येत नाही, कारण अँजिओप्लास्टी या एका नावाखाली दोन निरनिराळे उपचार चालतात. एकात झटका चालू असताना बंद पडलेली नस तासा-दोन तासांत उघडायची असते. दुसऱ्यात जिना चढताना छाती भरून येते म्हणून तपासणी होते, अरुंद नस दिसते आणि तारीख घेऊन, सवडीने ती रुंद केली जाते. टेबल तेच, तार तीच, फुगा आणि स्टेंटही तेच. निकाल मात्र वेगळे. पहिला उपचार जीव वाचवतो. दुसरा दुखणं कमी करतो. त्याने आयुष्य वाढतं असं बहुसंख्य रुग्णांच्या बाबतीत दिसलेलं नाही. आपल्याकडे पहिल्याची पुण्याई दुसऱ्याच्या खात्यावर जमा होते आणि पहिला मात्र ज्याला हवा त्याच्यापर्यंत वेळेवर पोचत नाही. या प्रकरणात माझं म्हणणं एवढंच आहे. ते पटण्यासाठी पुरावा मात्र जरा निगुतीने पाहावा लागेल.

तंत्राचा इतिहास थोडक्यात सांगतो. जर्मनीत वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरने १९२९ मध्ये स्वतःच्याच हाताच्या शिरेतून एक नळी हृदयापर्यंत सरकवली आणि तशीच ती घेऊन एक्स-रेच्या खोलीत जाऊन फोटो काढून घेतला. तेव्हा वेडेपणात जमा झालेल्या या धाडसाला १९५६ मध्ये नोबेल मिळालं. १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिचमध्ये आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी ३८ वर्षांच्या एका रुग्णाच्या हृदयाच्या रोहिणीत नळीच्या टोकाचा फुगा फुगवून अरुंद जागा मोकळी केली. नुसत्या फुग्याने उघडलेली नस पुष्कळदा काही महिन्यांत पुन्हा आवळायची. १९८६ मध्ये स्टेंट, म्हणजे लोकांच्या भाषेत 'स्प्रिंग', पहिल्यांदा माणसाच्या हृदयात बसला. १९९४ च्या बेनेस्टेंट चाचणीत पुन्हा अरुंद होण्याचं प्रमाण ३२ टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आलेलं दिसलं. २००२ च्या रॅव्हेल या छोट्या चाचणीत साध्या स्टेंटच्या गटात हे प्रमाण २६.६ टक्के होतं आणि औषधी स्टेंटच्या गटात सहा महिन्यांनंतर एकाचीही नस पुन्हा आवळली नव्हती. पुढच्या अनुभवात ते इतकं शून्यावर राहिलं नाही, तरी नस उघडण्याचं आणि उघडी ठेवण्याचं काम तंत्राने बरंचसं जिंकलं म्हणता येईल. फक्त या सगळ्या पायऱ्यांवर मोजलं जात होतं ते नसेचं तोंड. माणूस किती जगला, हे मोजायला वेगळ्या चाचण्या लागल्या.

नसेचं तोंड आणि माणसाचं आयुष्य यांचा संबंध आपण समजतो तितका सरळ नाही. आपण हृदयाच्या रोहिण्यांचा विचार घरच्या नळासारखा करतो: नव्वद टक्के गाळ साचला, आता कधीही बंद पडणार, साफ करून घ्या. रोहिण्या तशा वागत नाहीत. त्यांच्या भिंतीत चरबीचे थर साचतात आणि हे थर सारखे नसतात. काही जुने, कडक, जाड आवरणाचे असतात. ते नस अरुंद करतात, श्रमाच्या वेळी रक्त कमी पडतं, छाती भरते आणि माणूस थांबला की बरं वाटतं. काही थर मऊ, पातळ आवरणाचे असतात. ते नस फारशी अडवतही नाहीत, पण त्यांचं आवरण फाटलं की तिथे रक्ताची गुठळी जमते आणि काही मिनिटांत नस पुरती बंद होते. झटका तो हा. १९८८ च्या सुमारास संशोधकांनी झटक्याच्या काही रुग्णांचे, झटक्याच्या आधी काही कारणाने झालेल्या अँजिओग्राफीचे जुने फोटो काढून पाहिले. नंतर जिथे नस बंद पडली ती जागा पुष्कळांच्या बाबतीत आधी निम्मीसुद्धा अरुंद नव्हती. स्टेंट एका जागी बसतो. आजार मात्र तिन्ही रोहिण्यांच्या लांबीभर पसरलेला असतो. त्या सबंध लांबीवर काम करतात त्या अ‍ॅस्पिरिन आणि स्टॅटिनच्या गोळ्या, ताब्यात ठेवलेला रक्तदाब, ताब्यात ठेवलेली साखर आणि सोडलेला तंबाखू. विडीला घाबरणारा माणूस खर्ऱ्याला घाबरत नाही, म्हणून मुद्दाम सांगतो: ५२ देशांतल्या इंटरहार्ट अभ्यासात तंबाखू चघळणाऱ्यांमध्येही झटक्याचा धोका दुपटीहून जास्त आढळला होता.

हे झालं शरीरशास्त्र. चाचण्या काय सांगतात? २००७ मध्ये आलेल्या करेज चाचणीत स्थिर हृदयविकाराचे २,२८७ रुग्ण होते. निम्म्यांना उत्तम औषधं, निम्म्यांना तीच औषधं आणि वर अँजिओप्लास्टी. साडेचार वर्षांनंतर मृत्यू किंवा झटका गाठलेल्यांचं प्रमाण अँजिओप्लास्टीच्या गटात १९ टक्के, नुसत्या औषधांच्या गटात १८.५ टक्के. त्यावर टीका झाली की रुग्ण सौम्य आजाराचे निवडले असतील. म्हणून ३७ देशांत, भारतही धरून, इस्किमिया चाचणी झाली. तिच्यात तपासणीवर रक्तपुरवठा बराच कमी पडलेला स्पष्ट दिसणारे ५,१७९ रुग्ण घेतले. अँजिओग्राफी करून गरजेप्रमाणे स्टेंट किंवा बायपास केलेल्या गटात १४५ मृत्यू झाले, औषधांवर ठेवलेल्या गटात १४४. पुढे सुमारे सात वर्षांपर्यंतचा हिशेब लागला तेव्हाही एकूण मृत्यूंचं प्रमाण १२.७ आणि १३.४ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखंच होतं. त्यात एक बारकावा आहे आणि तो लपवू नये: हृदयाच्या कारणाने झालेले मृत्यू अँजिओग्राफीच्या गटात कमी होते, पण इतर कारणांनी झालेले जास्त होते, आणि बेरीज तिथेच आली.

मग लोकांना बरं वाटतं ते खोटं का? याचं उत्तर शोधायला लंडनमध्ये रशा अल-लामी आणि सहकाऱ्यांनी जी चाचणी केली तिला धाडस लागतं. २०१७ च्या ऑर्बिटा चाचणीत २०० रुग्णांना टेबलावर घेतलं, गुंगी दिली, कानाला हेडफोन लावले. निम्म्यांना स्टेंट बसवला, उरलेल्यांना नळी घालून नुसतीच बाहेर काढली. आपल्याला काय झालं हे रुग्णाला कळू दिलं नाही. सहा आठवड्यांनी ट्रेडमिलवर चालण्याच्या वेळेत दोन्ही गटांत १६.६ सेकंदांचा फरक आढळला, तोही योगायोगाने येऊ शकेल इतका. त्या रुग्णांना आधीपासून भरपूर औषधं चालू होती. मग २०२३ मध्ये ऑर्बिटा-२ आली, ३०१ रुग्णांची. या वेळी छातीदुखीची औषधं बंद करून तसाच गुप्त प्रयोग केला, आणि आता स्टेंटचा फायदा स्पष्ट दिसला: १२ आठवड्यांनंतर स्टेंटच्या गटातले ४० टक्के लोक छातीदुखीतून मोकळे होते, नुसती नळी घातलेल्यांपैकी १५ टक्के. दोन्ही चाचण्या एकत्र वाचल्या की चित्र जुळतं. स्टेंट छातीदुखी कमी करतो, गोळ्यांइतका किंवा गोळ्या पुरत नसतील तिथे त्यांच्याहून जास्त. पण स्टेंट बसवूनही साठ टक्क्यांचं दुखणं पूर्ण गेलं नव्हतं, हेही त्याच आकड्यात आहे. बरं वाटणं ही छोटी गोष्ट नाही. दिवसभर वावरात उभं राहावं लागणाऱ्या माणसाला तर मुळीच नाही. फक्त ती विकत घेताना 'जीव वाचतोय' असं समजून घेऊ नये.

यावर घेतले जाणारे आक्षेप विचार करण्यासारखे आहेत. पहिला असा की शेजारच्या काकांना नव्वद टक्के ब्लॉकेज होतं, स्टेंट टाकला आणि आज दहा वर्षं ते ठणठणीत आहेत. खरंच असतील. पण स्टेंट न टाकता, औषधांवर तेवढीच वर्षं ठणठणीत राहिलेल्या माणसाची गोष्ट कुणी सांगत नाही, कारण तिच्यात सांगण्यासारखं काही घडतच नाही. करेजमध्ये औषधांच्या गटातल्या साधारण एक तृतीयांश लोकांना पुढे त्रास वाढल्यामुळे स्टेंट किंवा बायपास करावं लागलं. दोन तृतीयांशांना लागलं नाही. थांबून पाहण्याने दार बंद होत नाही, एवढा त्याचा अर्थ.

दुसरा आक्षेप वजनदार आहे: चाचण्यांतून कोण वगळलं होतं ते पाहा. इस्किमियात डाव्या मुख्य रोहिणीत अडथळा असलेले, हृदयाची ताकद फार घटलेले, नुकताच झटका येऊन गेलेले आणि औषधांनीही न आवरणारी छातीदुखी असलेले रुग्ण नव्हते. त्यांना वरचा निष्कर्ष लागू नाही, त्यांचा विचार वेगळा. मधुमेही रुग्णाच्या तिन्ही रोहिण्या खराब असतील तर प्रश्न औषध की स्टेंट एवढाच राहत नाही. २०१२ च्या फ्रीडम चाचणीत एकाहून जास्त रोहिण्या खराब असलेल्या १,९०० मधुमेहींचा पाच वर्षांचा हिशेब मांडला. स्टेंटवाल्यांत १६.३ टक्के मृत्यू झाले, बायपासवाल्यांत १०.९ टक्के. छाती उघडायची भीती वाटते म्हणून तीन-चार स्टेंट टाकून घेणाऱ्या मधुमेही माणसाला हे दोन आकडे दाखवायला हवेत. आमचे लोक वर्षानुवर्षं गोळ्या घेत नाहीत, त्यापेक्षा एकदाचा स्टेंट बरा, असाही युक्तिवाद ऐकू येतो. तो उलटा आहे. स्टेंट बसल्यावर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या साधारण सहा महिने ते वर्षभर चुकवता येत नाहीत. मध्येच कुणाच्या सल्ल्यावाचून, दात काढायचा म्हणून किंवा पैसे संपले म्हणून त्या सोडल्या तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते आणि ती अनेकदा जिवावर बेतते. जो गोळ्या घेणार नाही, त्याच्या हृदयात धातू बसवणं जास्त जोखमीचं आहे.

आता त्याच उपचाराची दुसरी बाजू. नस पुरती बंद पडली, ईसीजीवर तसे ठळक बदल आले, म्हणजे डॉक्टर ज्याला स्टेमी म्हणतात तो झटका आला, तर तातडीची अँजिओप्लास्टी हा आज हाताशी असलेला सर्वांत चांगला उपचार आहे. २३ चाचण्यांतल्या ७,७३९ रुग्णांचा हिशेब २००३ मध्ये मांडला गेला. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलेल्यांत ९ टक्के मृत्यू, तातडीच्या अँजिओप्लास्टीनंतर ७ टक्के. पुन्हा झटका येण्याचं प्रमाण ७ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर. पण हे वेळेत झालं तर. नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात दर अर्ध्या तासाच्या उशिराने वर्षभरातल्या मृत्यूचा धोका साडेसात टक्क्यांनी वाढलेला दिसला. आणि फारच उशीर झाला तर? २००६ मध्ये जुडिथ हॉकमन यांच्या नेतृत्वाखालच्या ओट चाचणीत झटक्यानंतर ३ ते २८ दिवसांनी, प्रकृती स्थिर असलेल्या २,१६६ रुग्णांपैकी निम्म्यांची बंद नस उघडून पाहिली. न उघडलेल्यांपेक्षा त्यांचं काहीही बरं झालं नाही. तोच स्टेंट दुसऱ्या तासाला माणूस वाचवतो आणि पाचव्या दिवशी, दुखणं उरलेलं नसेल तर, बहुधा फक्त फोटो सुधारतो. स्नायू एकदा मेला की त्याला रक्त पोचवून उपयोग नसतो.

वऱ्हाडाचा खरा प्रश्न इथे येतो. कॅथलॅब, म्हणजे अँजिओप्लास्टीची सोय असलेल्या खोल्या, अमरावती, अकोला अशा मोठ्या शहरांत आहेत आणि रुग्ण अकोट, तेल्हारा, दर्यापूर, वरुड, धारणीत. अकोट ते अकोला ४५ किलोमीटर, ते जमून जाईल. धारणी ते अमरावती मात्र मेळघाटातून, सेमाडोह-परतवाड्याच्या घाटवळणांवरून दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. अमरावती-अकोला रस्त्यावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचं डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत करून गिनीज विक्रम झाला. महामार्गाला सपाट वऱ्हाड मानवतं, डोंगराला कुणी विक्रमासाठी जात नाही. शिवाय रस्ता हा उशिराचा एकच भाग. देशभरातल्या ८९ रुग्णालयांतल्या २०,४६८ रुग्णांच्या क्रिएट नोंदवहीत, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, दुखणं सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोचेपर्यंतचा मधला वेळ ३६० मिनिटं होता. सहा तास. यातले किती तास गाडीत जातात आणि किती 'गॅस झाला असेल' म्हणत ओवा-सोडा घेण्यात, सकाळ होण्याची वाट पाहण्यात आणि आधी ओळखीच्या दवाखान्यात जाण्यात? ईसीजी न काढता इंजेक्शन टोचून घरी पाठवलेला रुग्ण त्यात आणखी दोन तास घालतो.

अशा भूगोलात नुसती कॅथलॅबची संख्या वाढवण्याचा आग्रह अपुरा पडतो, कारण धारणीत रात्री दोन वाजता कॅथलॅब चालवणारी तुकडी येत्या अनेक वर्षांत असणार नाही. पण गुठळी विरघळवणारं इंजेक्शन असू शकतं. १९८८ च्या आयसिस-२ चाचणीत १७,१८७ रुग्ण होते. ज्यांना काहीच दिलं नाही त्यांच्यात पाच आठवड्यांत १३.२ टक्के मृत्यू झाले. स्ट्रेप्टोकायनेज हे असं इंजेक्शन आणि महिनाभर रोज अ‍ॅस्पिरिन मिळालेल्यांत ८ टक्के. या दोनांपैकी अ‍ॅस्पिरिन किराणा दुकानातल्या बिस्किटाच्या पुड्याइतक्या भावात मिळते. त्यापुढचं पाऊल २०१३ च्या स्ट्रीम चाचणीने दाखवलं. लवकर आलेल्या, पण तासाभरात अँजिओप्लास्टी होऊ न शकणाऱ्या १,८९२ रुग्णांत निम्म्यांना टेनेक्टेप्लेज हे गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देऊन मग अँजिओग्राफीसाठी नेलं, उरलेल्यांना थेट कॅथलॅबकडे. महिनाभरातले मृत्यू, हृदय खचणं आणि पुन्हा झटका यांची बेरीज इंजेक्शनच्या गटात १२.४ टक्के, थेट नेलेल्यांत १४.३. म्हणजे कॅथलॅब दोन तासांपेक्षा दूर असेल तिथे आधी इंजेक्शन आणि मग, ३ ते २४ तासांत, अँजिओग्राफी हा रस्ता कमी प्रतीचा नाही.

इंजेक्शन धोक्याचं आहे, हे खरं. स्ट्रीममध्ये मेंदूत रक्तस्राव झालेले इंजेक्शनच्या गटात १ टक्का होते, दुसऱ्या गटात ०.२. म्हणून पंच्याहत्तरीपुढच्यांना मात्रा निम्मी केली आणि धोका उतरला. ज्यांना पूर्वी मेंदूत रक्तस्राव होऊन गेला आहे, ज्यांचं नुकतंच मोठं ऑपरेशन झालं आहे, त्यांना ते देताच येत नाही. आणि इंजेक्शन दिलेल्यांपैकी ३६ टक्के लोकांची नस उघडली नाही, त्यांना तातडीने कॅथलॅब गाठावी लागली. म्हणूनच इंजेक्शन देऊन रुग्ण तिथेच ठेवणं ही अर्धवट कृती आहे. रुग्णवाहिका लगेच निघाली पाहिजे. तामिळनाडूत हे जोडकाम करून पाहिलं गेलं: लहान रुग्णालयं मोठ्यांना जोडली, ईसीजी दूरवरून वाचले, सरकारी विमा योजना त्याला लावली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २,४२० रुग्णांच्या अहवालात वर्षभरातले मृत्यू १७.६ टक्क्यांवरून १४.२ टक्क्यांवर आले. महाराष्ट्रानेही 'स्टेमी महाराष्ट्र' या नावाने तोच मार्ग धरला आहे, आणि १०८ ची रुग्णवाहिका २०१४ पासून रस्त्यावर आहेच. तुकडे हाताशी आहेत, ते एका रात्रीत एकमेकांना जोडले जातात का, हा प्रश्न आहे.

पैशांविषयी क्रिएटमधली एक नोंद मला सर्वांत बोलकी वाटते. गरीब रुग्णांत महिनाभरात ८.२ टक्के मृत्यू झाले, श्रीमंतांत ५.५ टक्के. अँजिओप्लास्टी श्रीमंतांपैकी १५.३ टक्क्यांची झाली, गरिबांपैकी २ टक्क्यांची. पण गरिबांना इंजेक्शन कमी मिळालं, स्टॅटिन तर फारच कमी मिळालं, आणि उपचारांतला हा सगळा फरक हिशेबात धरल्यावर मृत्यूंतली तफावत नाहीशी झाली. त्या उपचारांपैकी बरेचसे स्वस्त होते. योजनेच्या कार्डाने पंधरा आणि दोन या टक्क्यांतली दरी बुजू लागली, हे चांगलं. मात्र योजना जेवढी ठळकपणे स्टेंट मोजते तेवढ्या ठळकपणे बाकीच्या गोष्टी कुठे मोजल्या जात नाहीत. वर्षाकाठी किती अँजिओप्लास्टी झाल्या हा आकडा काढायला सोपा आहे, बिलांवरूनच निघतो. त्यातल्या किती झटक्याच्या पहिल्या काही तासांत झाल्या आणि किती सवडीच्या, हे वेगळं काढलं तर अमरावती आणि अकोल्यातल्या कॅथलॅबचं खरं काम दिसेल. त्याच्या शेजारी आणखी तीन रकाने हवेत: रुग्ण उपजिल्हा रुग्णालयाच्या दारात आल्यापासून पहिला ईसीजी किती मिनिटांत निघाला, ईसीजीपासून इंजेक्शन किती मिनिटांत टोचलं, आणि स्टेंट बसलेल्यांपैकी सहाव्या महिन्यात दोन्ही गोळ्या घेणारे किती उरले. यातला एकही आकडा काढायला कॅथलॅब लागत नाही. घड्याळ लागतं, रजिस्टर लागतं आणि रात्रपाळीला ते भरणारी परिचारिका.